रविवारी कोण बाहेर पडतं?

मोठ्या शहरांची रविवारवर एक गाढ श्रद्धा असते. रविवारी कोणी घराबाहेर पडत नाही, ही ती श्रद्धा. रेल्वेची आहे, म्हणून मेगाब्लॉक रविवारी. महापालिकेची आहे, म्हणून रस्ता खोदायचा मुहूर्त शनिवारी रात्रीचा. मॅरेथॉनवाल्यांची आहे, म्हणून रविवारी पहाटेपासून अर्धं शहर दोऱ्या बांधून बंद. सरकारी नोकरीच्या परीक्षा रविवारी, मुंजी रविवारी, वधू-वर मेळावे रविवारी. क्रिकेटवाल्यांची श्रद्धा तेवढी उलटी. रविवारी सगळे मोकळेच असतात, म्हणून मॅच रविवारी. या दोन्ही श्रद्धा एकाच चौकात समोरासमोर आल्या की तिसरी जन्माला येते, आणि ती तुमच्याआमच्यासारख्याची असते : "आज सगळे लोकलनंच जाणार. म्हणजे रस्ता रिकामा. काढा गाडी."

आदल्या दिवशी पेपरात वाहतूक पोलिसांची सूचना येते. अमुक रस्ता बंद, तमुक रस्ता एकेरी, नागरिकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा. ही सूचना नागरिक आवडीनं वाचतात. फक्त ती आपल्यासाठी आहे असं त्यांतल्या एकालाही वाटत नाही. 'नागरिक' म्हणजे शेजारचे. बाकीचे सगळे पर्यायी मार्गानं जाणार असल्यामुळे मूळ मार्ग आपल्यासाठी मोकळा राहणार, असा हिशेब करून माणूस मूळ मार्गावर येतो आणि तिथं त्याच हिशेबानं आलेल्या सगळ्या शहराला भेटतो. जरा जास्त शहाणा असेल तो म्हणतो, लोक मूळ मार्गावरच येणार, आपण पर्यायी धरू. तिथं जास्त शहाण्यांची भेट होते.

धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यातलं मुरुम या शहाणपणापासून बरंच लांब आहे. गावाला नगरपरिषद आहे, कॉलेज आहे, पोलीस ठाणं आहे, विठ्ठलसाई साखर कारखाना आहे, आणि कर्नाटकाची हद्द एवढी जवळ की बाजारात मराठीत सुरू झालेला भाव कानडीत मोडतो. गावाला ट्रॅफिक माहीत आहे ते उसाचं. गाळपाचे दिवस आले की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागं दिवा असला तर असला, आणि पुढं स्पीकरवर एवढ्या मोठ्यानं गाणं की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला गाण्याचाच भाग वाटावा. हंगाम सुरू होताना 'रिफ्लेक्टर लावा' म्हणून पोलीस आणि कारखाने मोहीम काढतात. रिफ्लेक्टर लागतोही. मग त्याच्यावर ऊस येतो.

या गावात एक मामा आहेत. खरं तर असे मामा प्रत्येक गावात असतात. दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते ड्रायव्हरला गाडी शिकवतात, आणि "आपली ओळख आहे" हे वाक्य कुठल्याही दरवाज्यावर वापरता येतं असं मानतात. मामांचा भाचा मुंबईला नोकरीला, राहायला डोंबिवलीला. 15 जानेवारी 2017 च्या रविवारी या दोघांनी महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या गर्दींत एकाच वेळी भर घातली. मुंबईत मॅरेथॉन होती आणि पुण्याजवळ गहुंज्याला भारत-इंग्लंड वन-डे. संक्रांत आदल्या दिवशीच झालेली. सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली. एवढं सगळं दोन दिवसांत बसवायचं म्हणजे रविवारी कोणी बाहेर पडत नाही यावर फारच विश्वास पाहिजे.

भाच्याचं आधी उरकून घेऊ.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. जानेवारीतल्या एका रविवारी हजारो माणसं शहरात पळतात. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. पळणारे वांद्रे-वरळी सागरी सेतूवरूनही जातात, जिथं एरवी पायी माणसाला, दुचाकीला आणि रिक्षाला सक्त मनाई आहे. म्हणजे त्या पुलावर पायी जायचं तर आधी पैसे भरून नाव नोंदवायचं, पहाटे उठायचं आणि किलोमीटरच्या किलोमीटर पळायचं. भाच्यानं एवढं मनावर घेतलं नव्हतं. त्याची धाव ड्रीम रनची, पाच-सहा किलोमीटरची, पळण्यापेक्षा फोटोला महत्त्व असलेली. ऑफिसनं सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट दिले होते आणि हातात 'पाणी वाचवा'चा फलक.

पहाटेच्या लोकलला एवढी गर्दी होती की डोंबिवली ते सीएसटी तो एका पायावर उभा राहिला. तेवढाच सराव. पळाला, म्हणजे पुढचे चालत होते म्हणून चालला. खरा प्रश्न नंतर आला. मित्राची मोटरसायकल रस्त्याच्या पलीकडे उभी होती आणि मधून मॅरेथॉन चालली होती. स्वयंसेवक म्हणाला, "इथून क्रॉस करता येणार नाही, सर. थोडं पुढं जा." भाचा थोडं पुढं गेला. तिथल्या स्वयंसेवकानं थोडं मागं जायला सांगितलं. एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन तिथं बराच वेळ उभे होते. त्यांचं घर समोर दिसत होतं. बाल्कनीतून आजी हातवारे करत होत्या. शेवटी आजोबांनी एक उपाय काढला. ते दूध हातात घेऊन मॅरेथॉनमध्येच शिरले, चार पावलं पळाल्यासारखं केलं आणि तिरपे होत होत पलीकडे निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं त्यांना केळं दिलं.

दुपारी मामांचा फोन आला.

"कितवा आला रे?"

"ड्रीम रनला नंबर नसतो, मामा."

"नंबर नाही? मंग कोण मागं लागलं होतं?"

मामा स्वतः तेव्हा गहुंज्याच्या वाटेवर किवळ्याच्या अलीकडे क्रूझरमध्ये बसून होते. गाडी उभी होती.

त्यांची मोहीम शनिवारी रात्री ठरली. तिकिटं चार होती, निघाली सात माणसं. उरलेले तिघं "पुणं बघतील" असं ठरलं. पहाटे तीनला निघायचं होतं. तीनला ज्याला फोन लावावा तो "निघूलालो, निघूलालो" म्हणे, आणि पाठीमागं बादलीत पाणी पडल्याचा आवाज येई. उजाडायच्या सुमाराला गाडी येणेगूरला हायवेला लागली. तेव्हा सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं. म्हणजे रस्ता दर मैलाला डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जात होता आणि प्रत्येक वळणावर उसाचा एक ट्रॅक्टर त्यांच्या आधी पोचलेला होता. मामांनी प्रत्येकाला ओव्हरटेक करायचा मंत्र ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हरनं तो घेतला नाही, म्हणून पुढचं सगळं लिहायला मिळतंय.

सोलापुरात यात्रेसाठी रस्ते वळवलेले. पोलिसानं हात दाखवला, मामांनी गाडीतूनच सिद्धेश्वरांना हात जोडले आणि पोलिसानं सांगितलं तिकडून गाडी घ्यायला लावली. तिथं त्यांनी कुरकुर केली नाही. देवाच्या गर्दीला मामा गर्दी म्हणत नाहीत. गर्दी म्हणजे पुण्याची.

पुण्यात त्यांना ती पोटभर मिळाली. गहुंज्याचं स्टेडियम 2012 साली सुरू झालं. पुण्याच्या बाहेर, जुन्या हायवेच्या आणि एक्स्प्रेसवेच्या आसऱ्यानं, डोंगरांच्या कुशीत. त्या मॅचच्या वेळी माणसं बसत साधारण सदतीस हजार. शहरातल्या गर्दीचा त्रास नको म्हणून मैदान शहराबाहेर नेलं, ही कल्पना चांगलीच. मॅचच्या दिवशी शहर ते बघायला बाहेर येतं, एवढंच. लोणावळा लोकलनं यावं तर देहूरोड, बेगडेवाडी ही स्टेशनं आहेत. पण बेगडेवाडीला उतरून पुढं काय, हा प्रश्न पडला की माणूस गाडी काढतो. मुंबईचं वानखेडे याच्या बरोबर उलटं. चर्चगेट, मरीन लाइन्स दोन्ही स्टेशनं पायाशी आणि गाडी लावायला जागा नाही. त्यामुळे तिथं कोट्यधीशसुद्धा लोकलला लोंबकळतो. जागा नसणं हा वाहतुकीवरचा किती मोठा उपाय आहे, हे वानखेडेच्या आसपास राहणाऱ्यांना विचारू नये, ते दुसरंच काही सांगतील.

मॅच दीडला सुरू होणार. बारा वाजून गेले तरी क्रूझर हलेना. मामा उतरले आणि पानटपरीवाल्याकडे गेले.

"मॅचला जायला आतनं रस्ता हाय का?"

"आहे ना. ह्या मंगल कार्यालयाच्या मागून घाला. कुणाला माहीत नाही."

आतला रस्ता खरोखर कुणालाच माहीत नव्हता. ज्या शेदीडशे गाड्या तिथं अडकल्या होत्या, त्यांनाही तो आत्ताच त्याच टपरीवर कळला होता. पुढं मंगल कार्यालयात लग्न. नवरदेवाची गाडी मॅचच्या गाड्यांत आणि मॅचच्या गाड्या वरातीत. मामांच्या गाडीतल्या एकानं वरातीत दोन ठेके धरले आणि परत येऊन बसला तरी गाडी जिथल्या तिथं होती. अक्षताही पडल्या म्हणे.

पार्किंग म्हणजे शेत. चुन्यानं रेघा मारलेल्या, पाट्या लावलेल्या. मामांनी उतरल्या उतरल्या वाकून माती हातात घेतली, चुरगाळली आणि म्हणाले, "भारी जमीन हाय. हरभरा आला असता." मग गाडी सापडावी म्हणून खूण बघितली : शेजारी पांढरी क्रूझर उभी आहे. खूण सगळ्यांनी पाठ केली. तिथून गेटपर्यंत चालत जे अंतर होतं, त्यात भाच्याची ड्रीम रन आरामात बसली असती.

गेटवर झडती. आत काय नेऊ नये याची यादी तिकिटामागे छापलेली असते, ती घरी परतल्यावर वाचायची पद्धत आहे. पाण्याची बाटली गेली. बिस्कीट पुडा गेला. पॉवर बँक गेली. मग झडती घेणाऱ्याच्या हाताला फडक्यात बांधलेलं काहीतरी लागलं.

"हे काय?"

"धपाटे. आन् शेंगाची चटणी."

"खाद्यपदार्थ चालत नाहीत."

"तुमी खाऊन बघा की. मंग ठरवा."

"काका, नियम आहे."

"आमी साडेतीनशे किलोमीटरवरनं आलोय."

"सगळे लांबूनच येतात, काका."

मामांनी शेवटचा उपाय म्हणून खिशातला तिळगूळ काढून बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हातावर ठेवला. पोलिसानं गोड हसून घेतला, खाल्ला आणि धपाटे बाहेरच राहिले. बाहेर पडलेल्या शिदोऱ्यांचा ढीग बघून मामा गलबलले. चकल्या, थालीपीठं, गुळाच्या पोळ्या. आत गेल्यावर थंडगार सामोशाचा भाव ऐकला तेव्हा गलबला दुप्पट झाला.

बंदोबस्ताच्या पोलिसांबद्दल एक गोष्ट इथंच सांगायला हवी. स्टँडसमोर उभ्या शिपायाचं तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे असते. लोक ज्याच्यासाठी रजा काढतात, तिकिटाच्या रांगेत भांडतात, ते त्याच्या पाठीमागं दहा-वीस पावलांवर घडत असतं आणि त्याला ते समोरच्यांच्या तोंडावर वाचावं लागतं. एवढ्या जवळून इतक्या मॅच 'न पाहिलेला' माणूस दुसरा नसेल. मामांनी एकाला विचारलं, "सायेब, तुमी कवा बगताव?" तो म्हणाला, "रात्री घरी. हायलाइट्स."

इंग्लंडनं 350 केल्या. भारताचे धवन, राहुल, युवराज, धोनी गेले तेव्हा फलकावर 63 आणि गेलेले चार. बारावी ओव्हर. आणि इथं मामांच्या डोक्यात तो विचार आला, जो जगातल्या प्रत्येक स्टेडियममध्ये, प्रत्येक मॅचला, कुणा ना कुणा मामांच्या डोक्यात येतो.

"उठा. गेली ही. ट्रॅफिक लागायच्या आत निघू."

एक पोरगा कुरकुरला, "मामा, कोहली हाय की अजून."

"एकटा काय करंल? दुसरा कोण हाय?"

दुसरा केदार जाधव होता. पुण्याचा, घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याकडचं. म्हणजे सकाळी ज्या टेंभुर्णीला मामांनी चहा घेतला तो त्याचाच मुलूख.

मामा पार्किंगला आले तर ट्रॅफिक लागायच्या आत निघणाऱ्यांचं ट्रॅफिक लागलेलं होतं. त्यात पांढऱ्या क्रूझरच्या शेजारची क्रूझर शोधायची. अंधार पडत आलेला, आणि शेतात पांढऱ्या क्रूझर एवढ्या की सोयरीक जमवायला निघालेला सगळा मराठवाडा तिथंच उतरलाय असं वाटावं. गाडी सापडली तेव्हा तिच्यापुढं चार, मागं सहा गाड्या आडव्या. त्यांचे मालक शेवटपर्यंत मॅच बघणारे.

मग स्टेडियममधून पहिली गर्जना आली.

मोबाइलला रेंज नव्हती. सदतीस हजार माणसं एकाच वेळी सेल्फी पाठवत असली की स्कोअरला जागा उरत नाही. गर्जनेवरून ओळखायचं. "चौका." "नाय, विकेट." "विकेटीला असा आवाज नसतोय." थोड्या वेळानं गर्जना एवढ्या लागोपाठ यायला लागल्या की विकेटी मानाव्यात तर टीम दोनदा आउट झाली असती. कोहली आणि जाधवनं पाचव्या विकेटला बरोबर 200 जोडल्या. कोहली 122, जाधव 120, तेही 76 चेंडूंत. पंड्या-अश्विननं शेवट केला आणि भारतानं 48.1 ओव्हरमध्ये मॅच मारली. यातलं सगळं मामांनी ऐकलं, पाहिलं काहीच नाही. त्या बाबतीत ते आणि तो बंदोबस्तावरचा शिपाई बरोबरीला आले, फक्त शिपायाला त्याचा पगार होता.

पुणं बघायला गेलेले तिघं, ज्यांच्याकडे तिकिटं नव्हती, त्यांनी सगळी मॅच एका सलूनमध्ये बसून टीव्हीवर बघितली. एकानं दाढीही करून घेतली. रात्रभर टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर असं ते मामांना एकेक शॉट समजावून सांगत आले.

गहुंज्याच्या ट्रॅफिकवर रामबाण उपाय एकदाच सापडला होता, आणि तो आदल्या वर्षी मराठवाड्यानंच पुरवला होता. 2016 चा दुष्काळ. मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी लातूरला पाणी येत होतं, आणि इकडे मैदानं भिजवायला पाणी लागत होतं. मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, 30 एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅच महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याच्या टीमनं विशाखापट्टणम गाठलं. गहुंज्याचा रस्ता त्या मे महिन्यात कसा आरशासारखा होता! लातूरचा पाहुणा त्या उन्हाळ्यात पुण्यात कुणाकडे गेला की यजमान तांब्याभर पाणी देताना जरा टक लावून बघायचे. तुमच्यामुळे गेली बरं का आमची मॅच, असं कुणी म्हणालं नाही, पण तांब्या जरा जोरात टेकला जायचा.

दोन वर्षांनी उलटं झालं. कावेरीच्या वादात चेन्नईच्या मॅच एप्रिल 2018 मध्ये गहुंज्याला आल्या आणि त्यांच्यामागं चेन्नईहून हजारभर पाठीराखे एका खास रेल्वेनं पुण्याला आले. गाडीचं नाव विसल पोडू एक्स्प्रेस. हजार माणसं, पिवळे शर्ट, एक गाडी. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. "हजार माणसं," ते म्हणाले, "आन् एकाच वेळंला निघाली?" बाकी त्यांना कशाचंच नवल वाटलं नाही.

गर्दीची सगळीच गोष्ट हसण्यासारखी नसते. 26 नोव्हेंबर 1995, तोही रविवार. नागपूरच्या जुन्या व्हीसीए मैदानावर भारत-न्यूझीलंड मॅच चालू असताना मधल्या सुट्टीत स्टँडची भिंत कोसळली आणि मॅच बघायला आलेली माणसं गेली. मॅच नंतर पुढं खेळवली गेली. विदर्भातले जुने लोक अजून त्या दिवसाचा स्कोअर सांगत नाहीत.

एवढं असूनही रविवारवरची श्रद्धा मोडायला एक गुरुवार लागला. 4 जुलै 2024. भारतानं बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला होता. चक्रीवादळामुळे टीम तिथंच अडकली, आणि सुटली तेव्हा मुंबईत मरीन ड्राइव्हवरून उघड्या बसमधून मिरवणूक ठरली. गुरुवारी, ऑफिस सुटायच्या वेळेला. गर्दी एवढी झाली की पोलिसांनी आवाहन केलं, मरीन ड्राइव्हकडे येऊ नका. ज्यांच्या मनात जायचं आलंच नव्हतं त्यांना त्या आवाहनामुळे ते सुचलं. भाचा त्यांतलाच. चर्चगेटला उतरला आणि त्यानंतर त्याला चालावं लागलं नाही. गर्दीच त्याला घेऊन गेली. खेळाडूंची बससुद्धा निघायच्या जागेपर्यंत पोचायला गर्दीत रुतली, म्हणजे ज्यांची मिरवणूक तेही ट्रॅफिकमध्ये. त्यातून बस गुजरातेतून आणलेली निघाली आणि मुंबईत बेस्टच्या बस असताना बाहेरची कशाला, यावर राजकारण पेटलं. एवढ्या रेटारेटीत मधून एक रुग्णवाहिका आली तेव्हा मात्र त्याच गर्दीनं दुभंगून तिला वाट दिली. मुंबईकर ते दृश्य अजून एकमेकांना पाठवतात, मिरवणुकीचं कमी.

रात्रभर पालिकेचे कामगार रस्ता झाडत होते आणि सकाळी ढीग दिसले ते चपला-बुटांचे. भाचा एका चपलेनं घरी आला.

"दुसरी कुठंय?" मामांचा फोन.

"राहिली तिथंच."

"मंग जा की सकाळी. शोध."

"मामा, तिथं गाडीभर चपला आहेत."

"मंग जोडीनंच आण."

पुढच्या जूनमध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अशाच स्वागताच्या गर्दीत 11 जण चेंगरून मेले. तोही रविवार नव्हता, बुधवार होता. त्या दिवशी मामांनी भाच्याला तीन वेळा फोन केला, कारण नसताना. तो मुंबईत होता, बंगळूरला नव्हता, हे त्यांना माहीत होतं.

त्यामुळे 2 नोव्हेंबर 2025 च्या रविवारी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपची फायनल होती, तेव्हा भाच्यानं तिकीट काढल्याचं मामांना कळवलंच नाही. मामींना कळवलं. पाऊस पडला, तीनची मॅच पाचला सुरू झाली. म्हणजे हार्बरची शेवटची लोकल आणि शेवटची ओव्हर यांची गाठ पडणार, हे नेरुळच्या स्टँडमध्ये बसलेल्या प्रत्येक नोकरदाराला संध्याकाळीच कळून चुकलं. भारत 298. समोर दक्षिण आफ्रिका लढत होती. साडेअकराच्या सुमाराला भाच्यानं घाबरत फोन लावला.

"मामा, लोकल जाईल. निघावं म्हणतो."

मुरुमला टीव्हीसमोर मामा ताडकन उभे राहिले.

"खाली बस! लोकल रोज हाय!"

दीप्ती शर्मानं पाच विकेटी काढल्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला भारतानं 52 धावांनी कप जिंकला. भाचा पहाटेपर्यंत कुणाकुणाच्या गाडीनं, टप्प्याटप्प्यानं घरी गेला. वाटेतल्या एका रिक्षावाल्यानं भाडं दुप्पट मागितलं आणि स्मृती मंधानाचं नाव घेतल्यावर दीडपटीवर आला, कारण तो सांगलीचा होता.

इकडे मुरुमला बसस्टँडसमोर पोरांनी मोटरसायकली काढल्या. एकेकीवर तीन तीन, हातात झेंडा, हेल्मेट कुणालाच नाही. फटाके दिवाळीचे उरलेले. मामाही बंडीवर शाल टाकून बाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून पोरांना गाड्या एका बाजूला घ्यायला सांगू लागले. ते मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजू बंद झाल्या. तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, स्पीकर चालू. ड्रायव्हर खाली वाकला.

"काय झालंय? ॲक्सिडेंट हाय का?"

"वर्ल्ड कप जिंकला!"

"कुणी?"

"पोरींनी!"

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. क्षणभर विचार केला. मग उतरला, ट्रॉलीतून चार ऊस ओढून पोरांच्या हातात दिले आणि म्हणाला, "घ्या. आता त्या म्हाताऱ्याला तेवढं बाजूला घ्या."